सतरा मिनिटं, पन्नास सेकंद

आकड्यांवर माझा पूर्ण विश्वास होता. देवावर होता की नाही, हे मला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी अठरा वर्षं काढली आहेत. नमुना दोनदा तपासल्याशिवाय सही करायची नाही, हाच आमचा तिथला धर्म. घरात देव्हारा आहे, रोज दिवा लागतो, पण दिवा लावताना माझं लक्ष डब्याकडे आणि घड्याळाकडे. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे ते मी चमत्कार म्हणून सांगत नाही. घडलं तसं सांगते.

माझं माहेर ठाण्याच्या कोपरीतलं. आजोबांपर्यंत आमची मिठागरं होती, आता तिथे इमारती आहेत. आमची कुलदेवी कातळाई. तिचं मूळ ठाणं मुरबाडच्याही पुढे, सह्याद्रीच्या कड्याखाली, कातळाच्या एका फटीत. शेवटच्या वाडीनंतर बैलगाडीची जुनी वाट, मग दगडांचा उतार, मग ओढा. वडील होते तोवर दोन-चार वर्षांनी एकदा ते जाऊन यायचे. ते गेल्यावर सगळ्यांनी घरच्या टाकालाच नमस्कार करून समाधान मानलं. समाधान नव्हतं ते फक्त आत्याला. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर चारच वर्षांत नवरा गेला आणि ती कोपरीला परत आली. लग्न झालं की बाईचा देव बदलतो, माहेरची देवी तिची राहत नाही, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे आत्याला कधी कोणी मूळ ठाण्यावर नेलंच नाही. लहानपणी एकदा आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिलेली आई तिने सत्तर वर्षं मनात जपली होती. "देव बदलत आसंल," ती म्हणायची, "आई कशी बदलंल गो?"

गेल्या दिवाळीनंतर तिचा काचबिंदू बळावला. नळीतून पाहावं तसं मधलं तेवढं दिसायचं आणि ती नळीही महिन्यागणिक अरुंद होत होती. डॉक्टरांनी शब्द जपून वापरले, पण आत्याला कळायचं ते कळलं. दवाखान्यातून रिक्षात बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "मना आईला बगाचा हाय. डोलं हायेत तवर."

मी लगेच हो म्हटलं ते तिच्यासाठी तर म्हटलंच, पण आणखीही एक कारण होतं. वडील शेवटचे तिथे गेले तेव्हा त्यांनी मला फोन केला होता, येतेस का म्हणून. ऑडिट चालू आहे, पुढच्या वर्षी नक्की, असं मी सांगितलं. ते एकटेच गेले. पुढचं वर्ष त्यांना मिळालं नाही. तेव्हापासून त्यांच्याबरोबर न केलेला तो प्रवास माझ्या आत कुठेतरी सलत होता, आणि तो आता पुरा होणार नाही हे ठाऊक असूनही सलायचा थांबत नव्हता.

गाडी होती. चारही चाकांना जोर देणारी जीप मी हौसेने घेतली होती आणि घोडबंदर रोडचे खड्डे सोडले तर तिला काही खडतर दाखवलं नव्हतं. प्रश्न वाटेचा होता. फोनवरच्या नेहमीच्या नकाशात शेवटच्या वाडीनंतर नुसता हिरवा रंग, आणि तिथे रेंजही नाही. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे तक्ता मांडला. गाडीच्या पडद्यावरचा नकाशा इंटरनेटवर चालणारा, तो बाद. फोनमध्ये आधीच उतरवून ठेवता येणारे उंच-सखल रेषांचे नकाशे चांगले, पण उन्हात फोन तापून बंद पडतो. हातात धरायचं वेगळं यंत्र मिळतं, त्याचा पडदा काडेपेटीएवढा, पण त्याला उन्हाची भीती नाही, साध्या सेलवर चालतं आणि थेट उपग्रहांशी बोलतं. जीपवाल्यांच्या ग्रुपवर मी इतके प्रश्न विचारले की एका काकांनी शेवटी लिहिलं, "ताई, जायचंय की पीएचडी करायचीय?" नवरा म्हणाला, त्यांचं बरोबर आहे. त्याला गाडी लागते, त्यामुळे त्याला बोलायला काय जातं.

शेवटी ठरलं. पुढच्या काचेशी फोन, त्यात मोठा नकाशा. आणि डॅशबोर्डवरच्या दांडीला हातातलं यंत्र, त्यात नेमकं ठिकाण. ते यंत्र तपासायला मी कोपरीला नेलं आणि अंगणात आत्याच्या हातात दिलं. वर आकाशात किती जण आहेत, तिने विचारलं. आत्ता अकरा दिसतायत, मी म्हटलं, पण जागा सांगायला निदान चार तरी लागतात. आत्या हसली. "चौघांबिगर पालखी पन नाय उठत," म्हणाली, आणि यंत्र कपाळाला लावून मला परत दिलं. दसऱ्याला हत्यार पुजावं तसं. मलाही हसू आलं, पण ते यंत्र नंतर मी जरा जपूनच ठेवलं.

नेमकं ठिकाण मिळालं वडिलांच्या वहीत. ते जमीन मोजणीच्या कामात होते. जिथे जातील तिथले अक्षांश-रेखांश टिपून ठेवायची त्यांना सवय होती. वहीच्या मागच्या पानावर त्यांच्या तिरक्या अक्षरात 'आई' असं लिहून पुढे आकडे होते. एकोणीस अंश, सतरा मिनिटं, पन्नास. त्याखाली रेखांश. मग आकडे यंत्रात घातले. दोनदा तपासले.

माघातल्या एका सकाळी आम्ही निघालो. आत्याच्या मांडीवर ओटीचं सामान: खण, नारळ, तांदूळ, आणि मिठाची पुरचुंडी. आमच्या देवीला मीठ वाहतात. शेवटच्या वाडीनंतर जीप दगडांवर डुलायला लागली. आत्याने वरची कडी घट्ट धरली होती आणि दर पाच मिनिटांनी विचारत होती, किती राहिलं? मी आकडा वाचायची. चार किलोमीटर. तीन. दीड. तो आकडा कमी होताना तिचा चेहरा लहान मुलीसारखा होत गेला, आणि मला भीती वाटायला लागली, कारण इतकं कोणी काही मागितलं की ते मिळेलच याची मला कधी खात्री वाटत नाही.

यंत्राने पोहोचल्याचा आवाज दिला तेव्हा समोर काहीच नव्हतं. कुडाची दोन घरं, पेंढ्याची एक उडवी, शेळ्या. कातळ नाही, फट नाही, ओढासुद्धा पुढेच दिसत होता. मी यंत्र बंद करून चालू केलं. दहा उपग्रह, ठिकाण तेच. आत्या म्हणाली, "आयलू ना आपन?" मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा, काही पाठ न म्हणता, सरळ बोलले: आई, मला वाट कळत नाही. आता तूच बघ.

काचेवर टकटक झाली. चाळिशीची एक बाई, हातात कोयता, डोक्यावर पाल्याचा भारा. कुठं जायचं, तिने विचारलं. मी देवीचं नाव सांगितलं, तशी ती म्हणाली, "मग इथंच की. आईला खाली आणलीय आम्ही."

मागच्या एका पावसाळ्यात कड्याची दरड आली होती, ती म्हणाली. फट बुजली, वाट गेली. आई तेवढी बाजूला निघून उभी होती. वाडीतल्या चौघांनी तिला फळीवर घेतलं, ओढ्यापलीकडून आणलं आणि या दोन घरांच्या मागे आंब्याखाली बसवलं. "वर गेला असता तर कोनी भेटलंच नसतं," ती म्हणाली. "शेळ्या पन नाय जात तिकडं आता."

चौघांनी, हा शब्द आत्याने ऐकला. माझ्या दंडावरची तिची बोटं घट्ट झाली.

आंब्याखाली पत्र्याचं लहान छप्पर होतं. शेंदूर लावलेली कातळाची हातभर मूर्ती, आणि तिला चांदीचे डोळे. आत्या गुडघ्यांवर बसली, चेहरा अगदी जवळ नेला आणि मान हळूहळू हलवत नळी जुळवत राहिली. मग थांबली. "बाकी काय दिसत नाय," ती म्हणाली, "डोलं दिसतात."

भाऱ्यावाली बाई मागे उभी होती. ते डोळे पूर्वी नव्हते, ती म्हणाली. दरड यायच्या आदल्या साली ठाण्याकडचा एक म्हातारा माणूस आला होता, गळ्यात मोजणीचं यंत्र घालून. वर जायला तिच्या नवऱ्याला सोबत घेतलं होतं. डोळे त्याने स्वतःच्या हाताने लाखेने चिकटवले. बहिणीच्या नजरेसाठी, असं म्हणाला होता.

गेल्या दिवाळीआधी आत्याच्या डोळ्यांचं घरात कोणालाच माहीत नव्हतं, असं मी समजत होते. पण तिने ते त्याआधीच एकट्या भावाला, माझ्या वडिलांना, सांगितलं होतं. आणि त्याने ते फक्त इथे येऊन सांगितलं होतं. मी येते म्हटलं असतं, तर मलाही त्या दिवशी कळलं असतं. मी तिथेच मातीत बसले आणि खूप रडले. आत्या रडली नाही. तिने ओटी भरली, मीठ वाहिलं, आणि चांदीच्या त्या डोळ्यांवरून अंगठा फिरवत भावाशी बोलावं तसं काहीतरी पुटपुटत राहिली.

परत निघताना मी वही उघडली, कारण माझ्यातली प्रयोगशाळा काही गप्प बसत नव्हती. वडिलांनी पन्नासच्या डोक्यावर दोन बारीक तिरक्या रेघा दिल्या होत्या. पन्नास सेकंद. मी ते यंत्रात सतरा पूर्णांक पन्नास असे घातले होते, म्हणजे साडेसतरा. एक वाजून पन्नास मिनिटांना कोणी दीड म्हणावं, तशी चूक. रेखांशातही तीच. दोन्ही मिळून जवळजवळ पाऊण किलोमीटरचा फरक, आणि तो ओढ्याच्या नेमका अलीकडे. आकडे बरोबर घातले असते, तर मी आत्याला दरडीने बुजलेल्या फटीसमोर नेऊन उभं केलं असतं. दोनदा तपासून, सहीसकट.

मी आत्याला ती चूक सांगितली. वडिलांना ती बाबू म्हणायची. ती म्हणाली, "बाबून बरोबर लिवला. तू चुकलीस. आई मधी येवून बसली." एवढंच. याहून जास्त अर्थ मी आजवर लावलेला नाही, आणि लावायचा नाही असं ठरवलंय. माझं काम निघणं होतं. चुकतमाकत का होईना, मी निघाले. पोहोचवणं माझ्या हातात नव्हतं, आणि ते ज्याच्या किंवा जिच्या हातात होतं त्या हातांना माझा नमस्कार. वहीतला आकडा मी खोडला नाही. त्याखाली माझा चुकीचा आकडा लिहिला आणि दोन्हींपुढे 'आई' असंच लिहिलं.

पावसाळा संपता संपता आत्याची नजर पूर्ण गेली. आता मी दर रविवारी कोपरीला जाते. संध्याकाळी ती खुर्ची अंगणात मागवते आणि म्हणते, लाव गो तुझं यंत्र, किती लांब हाय सांग. मी यंत्र चालू करते, आकाशातले चौघे-पाच जण गोळा व्हायची वाट पाहते, मग किलोमीटर वाचून दाखवते. आकडा दर वेळी तोच असतो, तरी ती दर वेळी ऐकते आणि मान डोलावते. त्यानंतर पडद्यावरचा दिशेचा बाण फिरतो, आणि तो सांगेल त्या दिशेला मी तिची खुर्ची वळवायची, म्हणजे तिला हात जोडता येतात, असं आमचं ठरलेलं आहे. पण बाण स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो. मी पडद्यावरून मान वर करते, तेव्हा ती आधीच तिकडे वळून बसलेली असते.