दहा सेकंदांत पाव लिटर

मापाडी चिडला की ओरडत नसे, पाने पुसायला घ्यायचा. आठपासून बत्तीसपर्यंत एकेक पाना फडक्याने पुसून भिंतीवरच्या खिळ्याला लावायचा, आणि गॅरेजमधली माणसं ओळखायची की आता या माणसाच्या वाटेला जाऊ नये. त्या शनिवारी दुपारचे बारा वाजायच्या आत त्याने सगळे पाने दोनदा पुसले होते.

कारण बाकावर ठेवलेला पंप. निळा, चकचकीत, नव्या नवरीसारखा सजवलेला. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ताशी दोनशे लिटर. तो निवडला होता त्याच्या थोरल्या भावाने, दादाने. निवडला कसला, सुट्या भागांच्या दुकानदाराने फुकट दिला आणि दादाने हात पुढे केला. बदल्यात गाडीच्या दारावर दुकानाचं स्टिकर. ती गाडी उद्या सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीत दादाची मुलगी चालवणार होती.

गाडीत नायट्रस बसवला होता. बटण दाबलं की बाटलीतला वायू इंजिनात घुसतो आणि गाडी लाथ मारल्यासारखी सुटते. पण वायू वाढला की त्याच्या मापाने पेट्रोलही वाढायला हवं. ते कमी पडलं तर आतली आग नको तितकी तापते, पिस्टन मेणासारखा वितळतो, आणि पुढे काय फुटेल ते कोणाच्याच हातात राहत नाही. म्हणून या वायूपुरती वेगळी छोटी टाकी, वेगळी नळी आणि वेगळा पंप. त्या पंपाला काम एकच. दहा सेकंदांत पाव लिटर पेट्रोल, आणि तेही सहा पौंडांचा दाब न सोडता.

"दोनशे लिटर म्हणजे आपल्याला लागतं त्याच्या दुप्पट," दादा सकाळी म्हणाला होता. "तू आता त्यातही खुसपट काढणार."

"ते दोनशे तोंड मोकळं असताना," मापाडी म्हणाला. "नळीच्या तोंडाशी बारीक भोकाचा जेट लावला की किती येतं ते खोक्यावर लिहिलेलं नाही."

"सगळं जग खोकं वाचून पंप घेतं, आणि आमचा मापाडी बादली घेऊन बसतो." दादा हसला, आणि हे हसू त्याच्या मुलीच्याही तोंडावर उमटलं. मापाडीला लागलं ते तिचं हसू. दादाच्या हसण्याची त्याला सवय होती.

मापाडी हे काही त्याचं नाव नव्हे. बारा वर्षांपूर्वी ते त्याला चिकटलं. तेव्हा अशाच एका गाडीला असाच खोकं वाचून पंप लावला होता. मापाडी तेव्हाही म्हणाला होता, आधी मोजून बघू. दादा म्हणाला, वेळ नाही. पट्ट्याच्या मध्यावर इंजिन फुटलं, बॉनेट उडालं, चालवणारा भुवया भाजून बाहेर आला तो पुन्हा या गॅरेजच्या दारात दिसला नाही. आणि जमलेल्या माणसांसमोर दादाने खांदे पाडून सांगितलं, "धाकट्याच्या हातून चूक झाली. फिटिंगमध्ये काहीतरी राहून गेलं."

मापाडी तिथेच उभा होता, हातात तोच जळका पंप धरून. तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच निस्तरलं असतं. पण आई तेव्हा हयात होती, गॅरेज दोघांचं होतं, आणि घरची भांडणं चव्हाट्यावर आणू नयेत असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं. तो गप्प बसला. त्यानंतर मात्र मोजल्याशिवाय एकही पंप त्याच्या हातून गाडीत गेला नाही. लोक म्हणाले, दुधाने तोंड पोळलं, आता ताकही फुंकून पितोय. पोळलं होतं दादामुळे, फुंकत होता हा, आणि नाव पडलं ते यालाच. या गोष्टीचा राग बारा वर्षं त्याच्या पोटात तसाच होता, एक दिवसही शिळा झाला नव्हता.

त्याची बायको एका शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होती. मोजायचं काचेचं नळकांडं तिनेच दिलं होतं, काठाला टवका उडाला म्हणून शाळेने टाकून दिलेलं. आज सकाळी डबा भरताना ती म्हणाली होती, "मोजायचंच असेल तर त्या पोरीच्या डोळ्यांदेखत मोजा. मागे उभं राहून पुटपुटलात तर ती ऐकणार कशी? तिला लहानपणापासून सांगितलंय की काका घाबरट आहेत."

"कोणी सांगितलंय?"

"तुम्ही गप्प बसलात ना, म्हणजे तुम्हीच सांगितलंत."

हे वाक्य घेऊनच तो कामावर आला होता, आणि पाने पुसून ते जात नव्हतं.

दुपारी पुतणी गाडीशी आली. चोवीस वर्षांची, बापासारखी बोलघेवडी, पण हात काकासारखे. गाडीचा निम्माअधिक भाग तिने स्वतः जोडला होता. दादाने तोवर पंप गाडीत बसवून घेतला होता आणि नळीला दाबाचा काटा लावून तो सगळ्यांना दाखवत होता. "हे बघा. पंप चालू. सहा म्हणजे सहा. आता बोला."

काटा खरंच सहावर होता. पुतणीने काकाकडे पाहिलं. तिच्या नजरेत त्याची कीव होती, आणि मापाडीच्या डोक्यात तिडीक गेली.

"नळी पुढे बंद आहे," तो म्हणाला. "बंद दाराला कोणीही रेटून उभं राहतं. दार उघड आणि मग दाखव."

"पुन्हा सुरू झालं याचं."

"दादा, बाजूला हो."

बारा वर्षांत तो दादाशी या आवाजात बोलला नव्हता. दादा बाजूला झाला, तो पटलं म्हणून नव्हे, चकित झाला म्हणून.

मापाडीने दोन्ही शटर वर केली, आग विझवायचं नळकांडं पायाशी ठेवलं, बॅटरीला चार्जर जोडला. नळीच्या तोंडाला गाडीत बसणार होता तोच पितळी जेट लावला आणि खाली टवका उडालेलं काचेचं माप धरलं. मग घड्याळ पुतणीच्या हातात दिलं. "तू वेळ बघ. काटाही तूच बघ. मला काही बोलायचं नाही."

पंप घोंगावला. मापाडीने झडप उघडली. पेट्रोलची धार सुटली आणि त्याच क्षणी सहावरचा काटा पाचावर आला, मग चारावर. पुतणी आकडे मोठ्याने वाचत होती. तीन म्हणताना तिचा आवाज उतरला. काटा तीनाच्याही खाली जाऊन थरथरत राहिला. दहा सेकंद झाले, झडप बंद केली. काटा लगेच सहावर जाऊन बसला, जसं काही झालंच नाही.

मापात एकशे सत्तर मिलिलिटर होतं. हवे होते अडीचशे.

"परत करा," पुतणी म्हणाली. परत केलं. एकशे पासष्ट.

"बॅटरी उतरली असेल," दादा म्हणाला.

"चार्जरवर आहे, बाबा."

मापाडी आत गेला आणि मागच्या फळीवरून एक काळपट, बोजड पंप घेऊन आला. त्याच्यावर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं, सहाच्या दाबाने वाहताना, दहा सेकंदांत दोनशे साठ. खोक्यावर याचं माप ताशी नव्वदच होतं, म्हणून दुकानात कोणी त्याच्याकडे बघत नसे. पण खोक्यावरचा आकडा वाहत्या दाबाचा होता, खरा होता. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातली गत त्या निळ्याची. पण मापाडी हे बोलला नाही. काळा पंप त्याने तिच्यासमोर ठेवला.

पुतणी मात्र पंपाकडे बघत नव्हती. "बाबा, त्या वेळी मोजलं होतं?"

"कुठल्या वेळी?"

"इंजिन फुटलं तेव्हा."

"तेव्हा घाई होती गं."

"काका म्हणाले होते का, मोजू या म्हणून?"

दादाने भावाकडे पाहिलं. तीच जुनी नजर होती, सांभाळून घे रे म्हणणारी. बारा वर्षं ती नजर दिसली की मापाडी पान्यांकडे वळायचा. आजही त्याचा हात फडक्याकडे गेला. मग त्याला दिसलं की पुतणीच्या मनगटापर्यंत पेट्रोल उडालं आहे.

"म्हणालो होतो," तो म्हणाला. "पंप यानेच निवडला होता. खोकं वाचून."

दारावरचं स्टिकर एका कोपऱ्याला सुटलं होतं, ते दादा अंगठ्याने दाबत राहिला.

मापाडीला वाटलं होतं, एकदा हे बोललं की छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही. कारण पुतणी आता त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत कीव नव्हती, संताप होता.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?" ती म्हणाली. "काका, सकाळी मी हसले तुम्हाला. तुमचं ऐकायचं नाही हे मला पाठ होतं. मी उद्या त्या गाडीत बसणार होते."

आई, गॅरेज, घराची अब्रू, सगळं त्याच्या जिभेवर येऊन परत गेलं. "तू बसशील हे तेव्हा ठाऊक नव्हतं," एवढंच तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्यालाच कळलं की भुवया भाजलेला तो माणूसही कोणाचा तरी मुलगा होता.

पुतणीने निळा पंप सोडवला, काळा बसवला आणि माप स्वतःच्या हातात घेतलं. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा आकडा खडूने भिंतीवर लिहिला. दोघे भाऊ मदतीला पुढे आले, तेव्हा तिने दोघांनाही हात लावू दिला नाही.