जत्रेच्या आठवड्यात बंगळूर

बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं मला कल्याणच्या पुढे फिरवलं नव्हतं. तोच माणूस यंदा कागद घेऊन बसला: बंगळूर, सात दिवस, राजवाडा, साड्यांची खरेदी, रात्री पब. साडेनऊला घोरणारा हा पबात जाऊन करणार काय? मला संशय आला. कॅलेंडर बघितलं, तर नेमका म्हसाच्या जत्रेचा आठवडा! दरवर्षी तेव्हा त्याच्या दोन्ही बहिणी पोराबाळांसकट आमच्याकडे मुक्कामाला असतात आणि मी दिवसभर गॅससमोर. म्हणजे यंदा मला त्यातून सोडवतोय तर! मी खुशीत बॅग काढली. तेवढ्यात धाकट्या नणंदेचा फोन आला, "वहिनी, दादानं तिकडं आपल्या सगळ्यांना किचनवालं घर घेतलंय. मसाला तू घेशील ना गो?"