मालकाचं मानपत्र आणि आईचं पान

दुपारच्या जेवणापर्यंत मौन पाळायचं, असा शिबिराचा नियम होता. माझ्या मित्रानं तो पहिल्या दिवशी चहा यायच्या आतच मोडला.

लिंबागणेशच्या पुढे एका मळ्यात हे लेखन शिबिर होतं. चार दिवस राहायचं, लिहायचं आणि शेवटच्या संध्याकाळी एकेकानं एक पान वाचून दाखवायचं. आमच्या दोघांच्याही आयुष्यातलं हे पहिलंच. नावं त्यानंच नोंदवली, माझंसुद्धा, मला न विचारता. चौसाळ्यात त्याचं खताचं दुकान आहे आणि तो चारोळ्या करतो. शाळेपासूनचा दोस्त, म्हणून आजवर सहन केला.

मला मात्र खरंच लिहायचं होतं. पुढच्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध. त्या दिवशी पाहुण्यांना वाटायला आईवर एक पान छापायचं बहिणीनं ठरवलेलं, आणि "तू लिहितोस ना, मग तूच लिही" म्हणून ते माझ्या गळ्यात घातलेलं. कित्येक महिने एक ओळ सुचत नव्हती. इथं नाही जमलं तर कुठंच जमणार नाही, हे मला कळून चुकलं होतं.

आणि लिहायला बसावं तर हा माझ्या खाटेवर. फोनवर गिऱ्हाइकाला फवारणी सांगतोय. शिबिर घेणाऱ्या बाईंनी तोंडावर बोट ठेवलं की मान डोलवायचा आणि कुजबुजायला लागायचा. ती कुजबूज पार विहिरीपर्यंत ऐकू जायची. मळ्याचा मालक रोज हात मागं बांधून चक्कर मारायला यायचा. त्याच्या सोयाबीनवरच्या अळीला ह्यानं औषध सांगितलं आणि दोघांचं गूळपीठ जमलं.

तिसऱ्या दिवशी मालकाचा वाढदिवस निघाला. गावात सत्कार होता. "मानपत्र आमचा हा लिहील की," मित्र म्हणाला, "लई भारी लिहितो." मी मौनात. नाही कसं म्हणणार? कपाळ माझं. प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, सदैव दुसऱ्यांसाठी झिजणारे, असं चऱ्हाट वळून दिलं. मालक खूश झाला आणि मी दिवसभर धुमसत राहिलो.

शेवटच्या दुपारी मात्र आईचं पान एका बैठकीत उतरलं. वाचताना मलाच भरून आलं. मित्राला वाचायला दिलं, कारण शाळेत असताना त्याचं निम्मं जेवण आमच्याच घरी व्हायचं. त्यानं वाचलं. परत वाचलं.

"हे तर मालकाचं मानपत्र हाय बे," तो म्हणाला. "निस्तं नाव बदललंस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चार दिवस डोकं खाल्लंस माझं, आता अक्कल शिकवतोस?" म्हणत कागद हिसकावून घेतला. बघतो तर प्रेमळ होतं, मनमिळाऊ होतं, झिजणंसुद्धा होतं.

"मनमिळाऊ? तुझी आई?" त्याचं चालूच. "नळाला सगळी गल्ली टरकून असायची तिला. मी दारात दिसलो की म्हणायची, 'आला का मुडदा गिळायला.' अन् भाकरी थापायला बसायची. एकदा मी रुसून दोन दिवस न्हाई आलो, तर डबा घेऊन शाळेत आलती. सगळ्या वर्गासमोर शिव्या दिल्या, कावून आला न्हाईस म्हणून." मग खाटेच्या सुतळीशी चाळा करत म्हणाला, "मला मुडद्या म्हणणारं आता कुणीच राह्यलं न्हाई."

राग अजून होताच. त्याचं खरं होतं, म्हणून जास्तच आला. मी पान फाडलं आणि नवीन घेतलं. बहीण काय म्हणायचं ते म्हणो.

संध्याकाळी वाचलं. "आमची आई लई भांडायची. माझ्या मित्राला ती मुडद्या म्हणायची, आणि तो आल्याशिवाय तवा उतरवायची नाही." लोक हसले. मालकही हसला.

मग बाईंनी मित्राला चारोळ्या वाचायला बोलावलं. तो उठला नाही. त्यांनी परत नाव पुकारलं. तो मान खाली घालून बसून राहिला. चार दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.