अपोलोनियाकाकूंचं परत गेलेलं पत्र

आमच्या चौकातल्या दगडावर आता अपोलोनिया द्रोझ्द हे नाव सोनेरी अक्षरांत आहे. जुन्या शाळेत त्यांच्या आठवणीसाठी दोन खोल्यांचं संग्रहालयही झालंय. जिवंतपणी गावाने त्यांना कवडीचुंबक म्हटलं, आता जो तो त्यांचा सोयरा. मेलेल्या म्हशीला मणभर दूध! पण गावाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. का नाही, तेच सांगते.

अपोलोनियाकाकू विधवा होत्या. नवरा युद्धाच्या पहिल्याच महिन्यात गेला. पदरात तेक्ला नावाची लहान मुलगी, एक गाय आणि अंगणभर हंस. अंगाने दणकट, बोलणं मोजकं, पण बाजारात घासाघीस करताना भल्याभल्यांना पाणी पाजायच्या.

हिवाळ्यात आमच्याकडे बायका एकत्र बसून हंसांची पिसं सोलतात. दांडी काढून टाकायची आणि मऊ भाग लग्नाच्या रजयांसाठी ठेवायचा. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, अशी पाळी असते. युद्धातल्या दोन हिवाळ्यांत काकूंनी आपली पाळी घेतलीच नाही. दुसऱ्यांकडे यायच्या, भराभरा सोलायच्या, पण स्वतःच्या घरी कुणाला बोलवायच्या नाहीत.

"माझ्या छातीला पिसं सोसत नाहीत गं," त्या म्हणायच्या.

"आमच्या घरची बरी सोसतात!" माझी आई टोमणा मारायची. "पाहुणचार करावा लागेल, म्हणून छाती दुखते होय?"

सगळ्या हसायच्या. मीही हसायचे.

काकूंच्या भिंतीएवढ्या चुलीमागे एक पोकळी होती. तिथे हेर्श शिंपी, त्याची बायको आणि दोन मुली बावीस महिने राहिले. ज्यू होते ते. खोलीत पिसं उडाली असती आणि मागे एकाला जरी शिंक आली असती, तरी जर्मनांनी सहाही जणांना अंगणात उभं करून गोळ्या घातल्या असत्या.

जर्मन गेल्यावर काकूंनी त्या चौघांना पहाटे गुपचूप वाटेला लावलं. गावात कुणाला कळू देऊ नका म्हणाल्या. कारण ज्याने ज्यू लपवले त्याच्या घरी ज्यूंचं सोनं असणार, अशी लोकांची पक्की समजूत होती. जर्मन गेले होते, शेजारी तिथेच होते.

१९४६च्या शरद ऋतूत मी अठरा वर्षांची होते आणि गावात टपाल वाटायचे. काकूंना अमेरिकेहून पत्र आलं. मागे हेर्शचं नाव. मी सगळं समजले.

"रेगिना, हे कुणाला बोलू नकोस हं. आईलासुद्धा नाही."

"काकू, मी काय ढोल आहे का?"

"ढोल परवडला. तो कुणी बडवल्याशिवाय वाजत नाही."

जानेवारीत पिसं सोलायची पाळी आमच्या घरी होती. काकू आल्या नव्हत्या. आईने त्यांच्या कंजूषपणाचा तोच जुना विषय काढला आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. "कंजूष कसल्या? त्यांनी हेर्श शिंप्याला लपवलं होतं. त्याची पत्रं येतात त्यांना अमेरिकेहून!"

सगळ्यांचे हात थांबले. मला काकूंची बाजू घ्यायची होती, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, ते मला आवडलं होतं.

त्या रविवारी काकू प्रार्थनेला चर्चमध्ये असताना कुणीतरी त्यांची चूल फोडली आणि जमिनीच्या फळ्या उखडल्या. सोनं नव्हतंच, ते मिळणार कुठून? ऐन थंडीत मायलेकी बिनचुलीच्या घरात राहिल्या. माझे वडील दुपारी घरी आले तेव्हा त्यांच्या बुटांवर काजळी होती. मी ते बूट पुसून ठेवले. काही विचारलं नाही.

पुढचं पत्र काकूंनी हातातही घेतलं नाही.

"परत पाठव. लिही, मेली म्हणून."

मी लिहिलं. पत्रं बंद झाली. काकू त्यानंतर एकतीस वर्षं जगल्या.

१९९८ साली दगड बसवायचं ठरलं. सरपंच झेनोन माझ्याकडे आला.

"रेगिनाबाई, भाषण तुम्ही करा. तुमचं त्यांच्याकडे सारखं जाणं-येणं होतं. आणि गावाने कसं सांभाळून घेतलं, तेही सांगा."

"कुठल्या गावाने रे?"

"आपल्याच हो! सगळं गाव गप्प राहिलं, हे काय थोडं झालं?"

आयत्या बिळावर नागोबा! पण मी त्याला हे बोलले नाही. एक गोडगोड पान लिहिलं आणि चौकात वाचलं. टाळ्या पडल्या. टाळ्या पडत असताना मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

मग समारंभासाठी अमेरिकेहून आलेली हेर्शची नात दुभाष्याला घेऊन जवळ आली. तिने विचारलं, "त्या कशाने गेल्या? पत्र परत आल्यापासून आजोबा हेच विचारत राहिले. सत्तेचाळीस साली आजोबांनी काकूंच्या नावाने मृतांसाठी लावतात ती मेणबत्ती लावली."

तेक्ला शेजारीच उभी होती. आईच्या मरणाचं साल अठ्ठ्याहत्तर आहे, हे तिने सांगायच्या आत मी बोलायला लागले. पिसं, पत्रं, चूल, बूट, सगळं सांगितलं. नातीने माझ्याकडे बघणं सोडलं.

"तेक्ला, तुझ्या आईला ठाऊक असतं तर त्यांनी मला दारात उभं केलं नसतं," मी म्हणाले.

"आईला त्याच रविवारी कळलं होतं, रेगिनाताई. पत्रं तुझ्याशिवाय कोण बघत होतं?"

"मग कधी एका शब्दाने बोलल्या का नाहीत?"

"म्हणायची, पोरगी मनाने वाईट नाही, आपणहून येऊन सांगेल. तू टपाल घेऊन आलीस की हातातलं काम टाकून दाराशी जायची. दर वेळी तिला वाटायचं, आज सांगशील."