सतरा मुलांचा डोस

सकाळपासून जिचा फोटो 'कोरोना योद्धा' म्हणून स्टेटसला लावताय ना, त्या बाईकडून आपण माफीनामा लिहून घेतला होता.

विसरलात? मी नाही विसरले. तो खरं तर मी लिहायला हवा होता.

शोभाताई आज पहाटे गेल्या.

आमच्या गावच्या अंगणवाडी सेविका. बावीस वर्षं. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हात जोडलेले इमोजी टाकणारे अर्धे लोक त्यांच्याच हातची खिचडी खाऊन मोठे झालेत.

लॉकडाऊनच्या वर्षीची गोष्ट. चाकणच्या कंपन्या अर्ध्यामुर्ध्या सुरू झाल्या होत्या, अंगणवाडी बंदच होती. आमच्या घरामागे आमच्याच भाड्याच्या खोल्या आहेत. तिथे कंपनीत कामाला जाणारी माणसं राहायची, बायकापोरांसकट. त्यांच्यातला एक जण पॉझिटिव्ह निघाला आणि माझ्या सासऱ्यांनी, आण्णांनी, त्या बोळाला बांबू ठोकले.

पेशंट बरा होऊन ड्युटीवर गेला. बांबू तिथेच राहिले.

अशात एक दिवस शोभाताई आल्या. तोंडाला घरी शिवलेला मास्क, खांद्याला पिशवी. पिशवीत अ जीवनसत्त्वाची बाटली. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना सहा महिन्यांतून एकदा पाजतात ते.

"आत जायाचं न्हाई," आण्णा ओट्यावरूनच म्हणाले.

"आण्णा, सतरा पोरं हायेत आत. माझ्या हातानंच पाजावं लागतं, तसा नियमच हाय."

"बाटली ठिव हितं. सूनबाई इंजिनियर हाय. ती पाजंल."

ताईंनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "द्या ताई. मी देते सगळ्यांना."

मी कंपनीत क्वालिटीला आहे. तपासल्याशिवाय एका पार्टवर सही करत नाही. ताईंना याचं फार कौतुक होतं.

माझा विराज तेव्हा अडीच वर्षांचा. त्याचा चमचा ताईंनी तिथेच पाजला. मग बाटली, मापाचा चमचा आणि सतरा नावांची यादी माझ्या हातात दिली. दोनदा बजावलं, "एका पोराला एकच चमचा. जास्त झालं तर सोसत न्हाई हां."

माझी ऑनलाइन मीटिंग होती. मी बाटली फ्रिजवर ठेवली.

संध्याकाळी ताईंचा फोन. "दिला का गं सगळ्यांना?"

मी त्या बोळात पाऊलही टाकलं नव्हतं. भीती वाटत होती. उद्या देऊच की, असं मनाशी म्हणत बोलून गेले, "हो ताई, दिला."

माझ्या शब्दावर त्यांनी सतरा नावांपुढे टिक केली.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. खोल्यांमधली नांदेडची सुनीता बांबूपलीकडून विचारायची, "वहिनी, लेकरांचं औषध आलंय म्हणे?"

मी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणायचे, "अजून नाही."

इकडे घरात इम्युनिटीचं वेड. काढा, वाफ, हळदीचं दूध. त्यात सासूबाईंना फ्रिजवरची बाटली दिसली. ताकदीचं औषध, मग आपल्या नातवाला का नको? तीन दिवस, रोज सकाळी एक चमचा. मला पत्ताच नाही.

चौथ्या दिवशी विराजला उलट्या. डोकं धरून रडत होता. राजगुरुनगरला डॉक्टरांनी विचारलं, काय पाजलंत? सासूबाईंनी रडत रडत सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, डोस फार झालाय, बंद करा, बरा होईल. झालाही.

पण आम्ही घरी येईपर्यंत आण्णांनी गावच्या ग्रुपवर टाकून दिलं होतं : अंगणवाडीच्या बाईने आमच्या नातवाला चुकीचा डोस दिला.

"आण्णा, असं कसं लिहिलंत?"

"मंग काय तुझ्या सासूचं नाव लिवू?"

ग्रामपंचायतीत बैठक बसली. बसली म्हणजे आपण बसलो. ताई उभ्या होत्या, खुर्ची कुणी दिली नाही.

त्या म्हणाल्या, "बाटली मी सूनबाईंच्या हातात दिली. एकच चमचा सांगितला होता. विचारा त्यांना."

सगळे माझ्याकडे वळले.

मी म्हणाले, "बाटली आमच्याकडे आलीच नाही."

शिकलेली सून. आण्णांची सून. कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. आपण माफीनामा पुढे केला. ताईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

बाहेर पडताना माझ्यापाशी थांबल्या. वाटलं, आता शिव्या घालतील. त्यांनी हळूच विचारलं, "त्या सतरा पोरांना तरी दिला होतास ना?"

मी चपला शोधू लागले. त्यांना कळायचं ते कळलं.

विश्वासघात हा शब्द मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरला. त्या दिवशी तो माझा झाला.

सहा महिन्यांनी डोसच्या पुढच्या फेरीपर्यंत अर्ध्या खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. सुनीताही लेकरं घेऊन गावाला गेली होती. आणि गावातल्या आया? ताई बाटली घेऊन दारात आल्या की विचारायच्या, "दुसरं कुणी न्हाई का?" इतकी वर्षं जिच्या हातून निर्धास्त घेतलं, तिच्यासमोर पोरांची तोंडं मिटून धरायच्या.

हे मी खिडकीतून बघितलंय. बघून पडदा ओढलाय.

गेल्या वर्षी चाकणच्या बाजारात ताई भेटल्या. फार थकल्या होत्या. मी माफी मागितली, तीसुद्धा आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना ते बघून.

"मला कशाला सांगतीस बाई? मला ठावंच हाय," त्या म्हणाल्या. "गावाला सांग."

मी "हो" म्हणाले. आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागले.

आता दशक्रियेला आण्णा माईकवर श्रद्धांजलीचं भाषण करणार आहेत. तयारी सुरू झाली आहे. फार छान बोलतात ते.

त्याआधी मी बोलते. हीच पोस्ट मघाशी गावच्या ग्रुपवर टाकली, आता इथेही टाकते आहे. आण्णांनी वाचली आहे, खालून मला हाका मारताहेत. डिलीट करणार नाही.

ताई, बाटली तुम्ही माझ्याच हातात दिली होती. खोटं मी बोलले.

गावाला सांगितलं.

तुम्ही जिवंत असताना सांगायला हवं होतं. शेवटचा नमस्कार, ताई.