आमच्या कुत्र्याला डोहाळे

घाटंजीला आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा कुंपणावरून विचारलं, "पोटुशी हाय का वं तुमची कुत्री?"

"काकू, तो कुत्रा आहे."

काकूंनी त्याच्याकडे पुन्हा नीट पाहिलं. "मंग असा काहून दिसून राह्यला?"

मग मीही वाकून पाहिलं. रोज डोळ्यासमोर असल्यामुळे तो कधी फुगला ते कळलंच नव्हतं. बाबा म्हणाले, "थंडीचे केस आलेत त्याले." तेव्हा मे महिना होता.

शेवटी बाबांना घेऊन मी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याला उभं केलं आणि मला म्हणाले, "वरून पाहा. फासळ्यांच्या मागं कंबर आत गेली पायजे. इथं कंबरच नाही, सरळ पोतं हाय." मग त्यांनी माझा हात त्याच्या बरगड्यांवर ठेवला. "सहज बोटाले लागाव्या. लागून राह्यल्या का?"

गादी चाचपावी तसं वाटत होतं. बाजूला बाबांनी हळूच शर्टाखाली हात घालून स्वतःच्या बरगड्या शोधायला सुरुवात केली.

"काका, तुमचं मी नाही पाहात," डॉक्टर म्हणाले.

आजार काही निघाला नाही. उपाशी ठेवू नका, पण मोजून द्या, वरचं खाणं बंद आणि रोज फिरवा, एवढंच त्यांनी सांगितलं. मी वाटीने मोजून द्यायला लागले. फिरवायचं काम बाबांनी स्वतःहून घेतलं. दोघं संध्याकाळी मोठ्या उत्साहाने निघायचे. तरी कुत्रा तसूभर कमी होईना. उलट रात्री तो वाटीकडे ढुंकूनही पाहीना.

एक दिवस मी मागोमाग गेले. वळणावरच्या आलुबोंड्याच्या गाडीपाशी बाबा बाकावर बसले, कुत्रा शेजारी. गाडीवाल्याने न विचारता दोन प्लेटा ठेवल्या.

"बाबा!"

बाबा दचकले, पण सावरले. "त्याले तर्री नाही देत मी. तब्येतीची काळजी घेतो त्याच्या."

दुसऱ्या दिवसापासून मीही सोबत जायला लागले. गाडी दिसली की कुत्रा रस्त्यातच बसकण मारायचा. मी पट्टा ओढायची, बाबा मागून ढकलायचे, पण मन लावून नाही. गाडीवाला तोंड फिरवून हसायचा. दोघांचेही चेहरे उतरलेले पाहून मला अपराधी वाटायचं.

दिवाळी आली तसा कुत्र्याच्या फासळ्यांमागे चक्क खड्डा दिसू लागला. कंबर! फासळ्याही बोटाला लागल्या. त्याच आठवड्यात गल्लीत शिरलेल्या डुकराच्या मागे तो सुसाट सुटला. त्याच्या मागे बाबा, एका पायात चप्पल, "अरे थांब ना बे!" ओरडत. डुक्कर आरामात नाला ओलांडून गेलं. काठावर दोघं जिभा बाहेर काढून उभे होते. दोघंही भयंकर खूश दिसत होते.