रामटेकला जाताना चिचोल्याला अडलेली गाडी

बाबांच्या अस्थी रामटेकला न्यायच्या, असं आईने ठरवलं. बाबा मूळचे तिकडचे, पण नोकरी सगळी छत्तीसगडात, भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये झाली. चरोद्याचे मामा म्हणाले, "ताई, शिवनाथ नदी इथंच आहे. भाऊजींचा जल्म तर इथंच गेला."

"त्यांच्या मायबापाचं अंबाळा तलावात झालं. यांचंही तिथंच," आई म्हणाली. पण तिची खात्री नव्हती.

गाडी बाबांचीच, पेट्रोलची. निघताना ऑईल कमी दिसलं. मामा रेल्वेच्या डिझेल शेडमधून रिटायर झालेले. खाली वाकून पाहत म्हणाले, "जमिनीवर थेंब नाही, म्हंजे लीक नाही." ऑईल घातलं आणि जुनवानीच्या घरून सकाळीच निघालो.

दुर्गच्या पुढे रस्ता मोठा आहे. फास्टॅग भरून ठेवा, ट्रक फार असतात. राजनांदगावला पोहे चांगले मिळतात. अस्थी जमिनीवर टेकवत नाहीत. कलश मांडीवर असल्यामुळे आई उतरली नाही, तिने गाडीतच चहा घेतला.

पुढे चढावर गाडी धक्के देऊ लागली. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत होता. असं झालं तर गाडी रेटू नका, सायलेन्सरकडचा महागडा भाग जातो. हळूहळू चिचोल्याच्या एका गॅरेजपर्यंत आलो.

"पेट्रोलमंधी पाणी असन," मामा म्हणाले.

आई मागून म्हणाली, "विजू, त्यांले जायचं नसन तिकडं. म्हनून अडवून राहिले."

वापस फिरलो तर शिवनाथ होतीच. पण रामटेकला काका गुरुजींना घेऊन थांबले होते.

मेकॅनिकने कलशावरचं लाल कापड पाहिलं आणि मोबाईलवरचं गाणं बंद केलं. "अम्मा, कलश पेड़ में टाँग दो। हाथ दुख जाएगा।" मी तो कडुनिंबाच्या फांदीला बांधला. आई जवळच उभी राहिली.

त्याने चालू इंजिनवर ठिणगी देणाऱ्या एकेका कॉइलचं वायरचं कनेक्शन काढून पाहिलं. तिसरीचं काढलं तरी आवाज बदलला नाही. म्हणजे तो सिलिंडर आधीच बंद होता. मग इंजिन बंद करून कॉइल उपसली. तिचं रबर ऑईलने माखलेलं, खाली स्पार्क प्लगच्या खड्ड्यात ऑईल साचलेलं. इंजिनच्या वरच्या कव्हरची पॅकिंग कडक होऊन चिरली होती.

"आतच झिरपून राहिलं होतं," मामा म्हणाले. "जमिनीवर कुठून दिसन."

"मामाजी, रेल का इंजन नहीं है ये," मेकॅनिक म्हणाला. मामांचं त्याला डिझेल शेडचं सांगून झालं होतं. मामा हसले.

त्याने खड्डा पुसून कोरडा केला, प्लग साफ केला, कॉइल बदलली. पॅकिंग घरी गेल्यावर बदला, तोवर हळू चालवा, ऑईल पाहत राहा, असं सांगितलं.

आईने विचारलं, "मंग त्यांचं काही नाही न?"

"नाही ताई. पॅकिंग आहे," मामा म्हणाले.

तिने फांदीवरून कलश सोडवून घेतला. मग म्हणाली, "चला रामटेकले."

दुपारी अंबाळ्यावर विसर्जन झालं. काकांकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सावकाश परतलो.

भिलाईत पॅकिंग बदलून घेतली. बाहेर ऑईल दिसलं नाही तरी पातळी उतरत असेल, तर प्लगचे खड्डे तपासून घ्या. आमचं तिथेच चुकलं.

गाडी कशी चालते ते पाहायला म्हणून आईला जवळच्या स्मृतीनगरपर्यंत नेलं. ती बराच वेळ इंजिनकडे कान देऊन होती.

"गाडी अडली तेव्हा मले बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "वाटलं, काहीतरी सांगून राहिले." थोड्या वेळाने म्हणाली, "आता तर आवाजच नाही."

"नाही," मी म्हणालो.